उलटा कोरलेला पाच

तबकडी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून परत आली तो शनिवार होता. वर्तमानपत्राच्या तीन थरांतून मी ती सोडवली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. पितळ इतकं उजळलं होतं की डोक्यावरच्या पंख्याची पाती तिच्यात फिरताना दिसत होती. जी वस्तू मी सत्तावीस वर्षं काळी-हिरवीच पाहिली होती, तिच्यावर एवढं काही कोरलेलं आहे हे मला माहीतच नव्हतं. बराच वेळ मी नुसती बघत राहिले. मग मला वाटलं, ही आपली नव्हे.

माझं माहेर नाशिकचं. सासरची मंडळी मूळची तंजावरची, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली. त्यांची मराठी जुनी आहे, तिला तमिळचा हेल आहे, सुनेलाही ते तमिळसारखं 'मा' म्हणतात, आणि लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी जेवताना अर्धं बोलणं अंदाजानेच समजून घेत असे. सासऱ्यांच्या आजोबांनी तंजावर सोडताना एक सावलीचं घड्याळ बरोबर आणलं होतं. ताटाएवढी गोल पितळी तबकडी आणि तिच्या मधोमध उभा केलेला तिरका त्रिकोणी पत्रा. पत्र्याची सावली ज्या रेषेवर पडेल तो तास. आमच्या नुंगंबाक्कमच्या घराच्या गच्चीवर कमरेएवढ्या सिमेंटच्या खांबावर ते बसवलेलं होतं.

मी गणित शिकवते, त्यामुळे त्या रेषांचं मला पहिल्यापासून कौतुक. आपण इथे विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत. म्हणून या घड्याळात तासांच्या रेषा सारख्या अंतरावर नसतात. दुपारचे तास मध्यभागी दाटीवाटीने उभे असतात, आणि सकाळी सहा ते सात व संध्याकाळी पाच ते सहा या दोन तासांना मात्र भरपूर ऐसपैस जागा मिळते. कोरणाऱ्याने या जागेचा विचार करून नक्षी केली होती. सहा आणि सातच्या मध्ये पिसारा पसरलेला मोर. पाच आणि सहाच्या मध्ये आंब्याच्या डहाळीवर दोन राघू. दहा, अकरा, एक, दोन या तासांना जागाच नव्हती, म्हणून प्रत्येकाच्या टोकाला फक्त एक मोगऱ्याची कळी. बाराला चिंचोक्याएवढा सूर्याचा चेहरा, त्याला मिशा. अर्ध्या तासाला आंब्याचं पान, पाव तासाला ठिपका. आकडे देवनागरी. हे सगळं मला आता, तबकडी घासून आल्यावर, नीट दिसत होतं. आधी कळंकाखाली मोर आहे की कोंबडा हेही सांगता येत नव्हतं.

आणि पाचाच्या आकड्याजवळ एक जादा पान होतं.

बाकीची पानं अर्ध्या तासांच्या खुणांवर होती. हे एकटं पान आकड्याला चिकटून, उगाच. मी भिंग आणलं. पानाच्या शिरांखाली पुसट असा आणखी एक पाच होता, आरशात दिसावा तसा उलटा. कुणीतरी आधी पाच उलटा कोरला होता, चूक लक्षात आल्यावर त्यावर पान काढून ती बुजवली होती आणि शेजारी सुलटा पाच कोरला होता.

पेपर तपासणाऱ्या माणसाला संशयाची सवय लागते. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, चूक मात्र ज्याची त्याची असते. ज्याला आपले आकडे येतात तो पाच उलटा कोरणार नाही. तंजावरच्या मराठी घराण्यासाठी काम करणाऱ्या कारागिराच्या हातून तर नाहीच. हे काम समोर एक तबकडी ठेवून तिची नक्कल उतरवणाऱ्याचं होतं. आणि आमची तबकडी नुकतीच तीन आठवडे गिंडीत एका कोरीवकाम करणाऱ्याकडे पडून होती.

त्याने सांगितली होती एक आठवड्याची मुदत.

मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. घर बिल्डरला दिलं आणि आम्ही पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्याआधी जुन्या वस्तूंच्या दुकानाचा एक माणूस सागवानी कपाट बघायला आला होता. तबकडी तेव्हा खांबावरून सोडवून ठेवली होती. त्याने ती उचलली, पालथी केली, नखाने घासून पाहिली आणि ठेवून दिली. नंतर तिच्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. ज्या वस्तूत खरा रस असतो तिच्याकडे व्यापारी असंच दुर्लक्ष करतो, असं मी तेव्हाच नवऱ्याला म्हटलं होतं.

गिंडीचा पत्ता दिला होता अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी. वय चौऱ्याऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली. तबकडीला नवे स्क्रू लावायचे, घासायची, तर कुठे द्यायची असं मी विचारल्यावर त्यांनी क्षणाचाही विलंब न करता कारखान्याचं नाव सांगितलं. "त्यास दे. दुसऱ्या कोणास नको." एका निवृत्त कारकुनाला गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतला नेमप्लेट बनवणारा माणूस कसा माहीत, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आणि तो फोन. तबकडी तिकडे असताना एका दुपारी अप्पा बाल्कनीत कुणाशी तरी तमिळमध्ये बोलत होते. मी वाळलेले कपडे काढायला गेले तर त्यांनी आवाज खाली आणला. तरी शेवटचं वाक्य ऐकू आलं: "राहू दे चार दिवस. पण घरात कुणाला सांगू नकोस."

मी तबकडी त्यांच्या हातात दिली. "अप्पा, ही आपलीच आहे ना?"

त्यांनी बोटं फिरवली. मोरावरून, मिशांवरून, राघूंवरून. पाचाजवळ बोट थांबलं, निदान मला तसं वाटलं.

"आपलीच आहे."

"नीट बघा. मला शंका आहे."

"शंका कशास? आपलीच आहे, मा. आत ठेव."

त्यांनी एवढ्या शांतपणे सांगितलं की माझा संशय आता गिंडीवरून निघून घरात आला. त्यांनी मूळ तबकडी कुणाला देऊन टाकली असेल का? आणि आम्हाला कळू नये म्हणून ही करवून घेतली असेल का? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू सुट्टीत शाळा उघडतेस." तो लॅपटॉपमधून वरही बघत नव्हता.

सोमवारी मी शाळेच्या फिजिक्सच्या लॅबमधून व्हर्नियर कॅलिपर मागून आणला. तबकडीची जाडी कडेला बारा ठिकाणी मोजली. बाराही ठिकाणी सारखी. हातोडीने ठोकून केलेल्या जुन्या पत्र्याची जाडी अशी सारखी येत नाही. हा पत्रा यंत्रातून निघालेला होता. मुलगी लहानपणी त्या खांबाला टेकून उभी असलेला एक फोटो शोधला आणि मोठा करून पाहिला, पण पाचाच्या जागी काळा डाग होता, बाकी काही नाही. मला आता पुरावा कमी वाटत नव्हता. बुधवारी अर्धी रजा टाकून मी तबकडी कापडी पिशवीत घातली आणि गिंडीला गेले.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. दोन कोरणारी यंत्रं, फ्लॅटच्या दारांवरच्या पाट्या, मशीनच्या पॅनेलवर लावायच्या पट्ट्या. मालक पंचावन्नच्या आसपासचा, बारीक, चष्मा कपाळावर. मला पाहून त्याला आनंद झाल्यासारखा वाटला. त्याने समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

मी तबकडी त्याच्या टेबलावर ठेवली आणि तमिळमध्ये, जमेल तशी, म्हटलं, "ही नक्कल आहे. आमची तबकडी कुठे आहे?"

यंत्रावरच्या दोघांनी यंत्रं बंद केली.

"हा पाच बघा," मी म्हटलं. "खाली उलटा कोरलेला आहे. आमचे आकडे ज्याला येत नाहीत त्याने हे केलंय. जाडी मोजली मी. नवा पत्रा आहे हा."

"नक्कल आहे हे खरं आहे, मॅडम," तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. एवढ्या सरळ कबुलीने मी गडबडले आणि म्हणूनच बहुधा माझा आवाज चढला. मी पोलिसात जाईन म्हटलं. त्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला तो ओळखतो का, असंही विचारलं. अप्पांचं वय झालंय, त्यांना दिसत नाही, याचा फायदा घेतला असंही मी म्हणाले. हे वाक्य मला आजही आठवतं, कारण ते म्हणताना अप्पांवरचाच माझा संशय मी त्याच्या अंगावर टाकत होते.

त्याने चष्मा कपाळावरून काढला आणि पुसला.

"पोलिसात जा, मॅडम. पण आधी घरी जाऊन मोठ्यांना विचारा. मी त्यांना शब्द दिलाय. ते बोलले की मी बोलेन."

चहा आला होता. मी तो न घेता बाहेर पडले. चहावर साय धरलेली मला दारातून दिसली.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. अप्पा बाल्कनीत खुर्चीवर बसले होते, खाली रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज ऐकत. मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हटलं, "मी त्या माणसाविरुद्ध तक्रार देणार आहे. तो स्वतः म्हणाला ही नक्कल आहे."

"त्याने काय सांगितलें?"

"तुम्हाला विचारायला सांगितलं. तुम्हाला शब्द दिलाय म्हणे."

अप्पांनी पायाने पिशवी चाचपली. मग म्हणाले, "बस."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ते मध्ये मध्ये तमिळमध्ये जात होते आणि कधी कधी वाक्य अर्धंच सोडत होते.

ते वीस वर्षांचे होते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. त्यांचे वडील एका लग्नासाठी तीन आठवडे तंजावरला गेले होते. ते परत यायच्या आत तबकडी लखलखीत करून त्यांना चकित करावं, असं अप्पांच्या मनात आलं. चिंच लावून पाहिली, राख लावून पाहिली. कळंक निघेना. मग प्रयोगशाळेतून त्यांनी बाटलीत ॲसिड आणलं आणि तबकडीवर ओतलं. पिवळसर धूर यायला लागला तेव्हाच खाली कुणी भेटायला आलं म्हणून हाक आली. ते वर परत गेले तेव्हा तासांच्या रेषा शिल्लक होत्या, त्या खोल होत्या. मोर गेला होता. राघू गेले होते. आकड्यांच्या जागी खडबडीत डाग होते.

"माझे वडील ती तबकडी रोज बघत," ते म्हणाले. "घड्याळ असूनही. अंघोळीनंतर वर जात नि बघत."

अप्पांच्या धाकट्या बहिणीने कधीतरी खेळ म्हणून तबकडीवर कागद ठेवून पेन्सिल घासली होती. तो ठसा तिच्या वहीत सापडला. अप्पांनी तो कागद आणि बिघडलेली तबकडी घेऊन शहरातल्या ब्रॉडवे भागातल्या एका गल्लीतला शिक्के कोरणारा गाठला. ऑफिसांचे पितळी शिक्के करायचा तो. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तरच ते कागदावर सुलटं उमटतं. आयुष्यभर त्याने उलटंच कोरलेलं. पाचाच्या आकड्याशी त्याचा हात सवयीने उलटा गेला, मग त्यावर त्याने पान काढलं. वडील परतायच्या दोन दिवस आधी नवी तबकडी तयार झाली. अप्पांनी ती धुरावर धरून, मीठ लावून काळी केली आणि खांबावर बसवली. जुनी तबकडी त्याआधी खांबाच्या माथ्यावर पालथी ठेवून वरून सिमेंट फासलं होतं.

"आणि त्या गिंडीच्या माणसाचा काय संबंध?"

"शिक्केवाल्याचा मुलगा तो. तबकडी त्याच्याकडे गेली नि त्याने बापाचा हात ओळखला. आईस दाखवायची होती त्यास. ती अंथरुणास खिळली आहे. म्हणून उशीर झाला. मीच सांगितलें, ठेव."

मला वाटलं इथे संपलं. पण अप्पा थांबले नाहीत.

त्यांच्या वडिलांना दोन दिवसांत कळलं. कोरीवकामावरून नाही, वजनावरून. साफ करायला म्हणून त्यांनी तबकडी उचलली आणि ती हलकी लागली. त्याच महिन्यात गच्चीला चुना द्यायला एक माणूस येत होता. घरामागच्या शेडमध्ये तो बायको आणि दोन मुलांसह राहायचा, वर्षानुवर्षं घरातलीच कामं करायचा. वडिलांनी त्याला बोलावून विचारलं, तबकडी कुणाला विकलीस. तो म्हणाला, मला माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. वडील म्हणाले, उद्यापासून नको येऊस.

"सकाळी ते गेले. चौघे. डोक्यावर बोचकीं होतीं. मी वरच्या खिडकीत उभा होतों."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"नाहीं."

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. अप्पा म्हणाले, "आज तू त्या मुलास चोर म्हणालीस. आतां पुन्हा गप्प बसलों असतों तर..." वाक्य तिथेच राहिलं.

माझ्या मनाची स्थिती तेव्हा काय होती ते प्रामाणिकपणे सांगायचं तर मला दया आली, पण विश्वास पूर्ण बसला नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस कुणाला वाचवण्यासाठी एवढी मोठी गोष्ट रचू शकतो का, असा विचार मी रात्रीचा स्वयंपाक करताना करत होते. पोळ्या दोन करपल्या. शनिवारी सकाळी मी कुणालाही न सांगता नुंगंबाक्कमला गेले.

घराच्या खिडक्या, दारं काढून नेली होती, पण वरचा स्लॅब अजून होता. तिथल्या सुपरवायझरला म्हटलं, गच्चीवरच्या खांबात आमची एक वस्तू राहिली आहे. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं, आणि तो त्याचा हक्कच होता. घरमालकांची सून असल्याचं सांगून, नवऱ्याला फोन जोडून देऊन, शेवटी एका मजुराला बरोबर घेऊन वर गेले. मजुराने छिन्नीने खांबाचा माथा फोडला. तीन बोटं खोलीवर टण्ण असा आवाज आला.

तबकडी पालथी होती. सिमेंट चिकटलेली, हिरवी, कडा असमान. जड होती. सुलटी करून ओढणीने पुसली तर रेषा दिसल्या, मध्ये दाट आणि कडेला विरळ. बाकी सगळं उकरल्यासारखं. पाच आणि सहाच्या मध्ये जिथे राघू असायला हवे होते तिथे एक बाकदार शेपूट तेवढी शिल्लक होती. मी तिथेच विटांच्या ढिगावर बसले. अप्पांनी खरं सांगितलं होतं. आणि ते खरं आहे का हे बघायला मी खांब फोडायला लावला होता. मजूर विचारत होता, अजून फोडू का?

घरी येऊन मी ती अप्पांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी काही विचारलं नाही. बोटं फिरवत राहिले, खूप वेळ. शेपटीशी आल्यावर म्हणाले, "एवढी राहिली होती. मज आठवत नव्हतें."

पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, गिंडीला जायचं. बरेच महिने ते घराबाहेर पडले नव्हते. टॅक्सीतून उतरून शेडच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना पाच मिनिटं लागली. मालक धावत आला, त्याने खुर्ची दिली. अप्पांनी त्याचा हात धरला आणि तमिळमध्ये त्याची माफी मागितली. तो सारखा "राहू दे, अय्या" म्हणत होता. मग त्याने जुनी तबकडी नवीच्या शेजारी ठेवून पाहिली. त्याच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते घरी त्या कामाबद्दल सांगायचे, म्हणाला. जन्मभर शिक्के कोरले, पण मोर कोरायला आयुष्यात एकदाच कुणी सांगितलं.

मीही माफी मागितली. माझं तमिळ अशा वेळी फारच तोकडं पडतं. तो ऐकून घेत होता.

"तुमच्या जागी मीही हेच केलं असतं, असं मी म्हणणार नाही," तो शेवटी म्हणाला. "माझी माणसं ऐकत होती, मॅडम."

मी त्या दोघा कामगारांकडे गेले आणि त्यांनाही तेच सांगितलं. एकाने मान हलवली, दुसरा पट्टी घासत राहिला.

नवी तबकडी आता आमच्या बाल्कनीत आहे. बाल्कनी पूर्वेला असल्याने अकरानंतर तिच्यावर ऊन नसतं. जुनी अप्पांच्या खोलीत आहे.

त्यांना आणखी एक हवं होतं: चुना देणाऱ्या त्या माणसाचं कुणी सापडतं का बघायचं. मी नुंगंबाक्कमच्या त्या गल्लीत तीन वेळा गेले. जुनं माणूस एकच भेटलं, कोपऱ्यावर इस्त्री करणारी म्हातारी. तिला शेड आठवत होती, माणसं नाहीत. कुणीतरी ऐकीव सांगितलं, ते अरक्कोणमकडचे होते. तिथे कुणाला विचारायचं? इतक्या वर्षांनी त्याची मुलंही सत्तरीची असतील, असली तर.

अप्पांनी मग मला एक कागद लिहायला सांगितला. तो माणूस कोण होता, घरात काय काय कामं करायचा, त्याच्यावर काय आळ आला आणि तबकडी खरी कुणी बिघडवली होती, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मी मराठीत लिहिलं. नाव मात्र तमिळमध्येच लिही म्हणाले, त्याच्या लिपीत. त्यातलं एक अक्षर मला नीट जमत नव्हतं. कागद त्यांना दिसत नव्हता, म्हणून त्यांनी माझं बोट आपल्या तळहातावर धरून ते अक्षर काढायला लावलं. दोनदा ते "चुकलें" म्हणाले. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, आणि मी ते कागदावर उतरवलं.